मजकूर ताडून पाहण्यासाठी दोन मॉनिटर घ्यावेत की एकच रुंद मॉनिटर?

जुनीपाने (प्रश्न)

नमस्कार. एका जुन्या गद्य पुस्तकाची नवी आवृत्ती सिद्ध करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पुस्तक खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, जुळवून छापलेले असून लेखकाच्या हयातीत त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यामुळे एकाच मजकुराची तीन रूपे माझ्यासमोर आहेत: पहिल्या आवृत्तीची स्कॅन केलेली पाने, दुसऱ्या आवृत्तीची स्कॅन केलेली पाने, आणि पहिल्या आवृत्तीवरून टंकलेखकाने युनिकोडमध्ये उतरवलेली संहिता. या तिन्हींची ओळीओळीने रुजवात घालायची आहे.

आजवर हे काम मी १४ इंची लॅपटॉपवर ऑल्ट-टॅब दाबत, एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जात करतो आहे. प्रत्येक वेळी विंडो बदलली की आपण कोणत्या ओळीवर होतो हे पुन्हा शोधावे लागते, आणि तेवढ्या अवकाशात मनात धरलेले शब्द थोडेसे बदलून जातात असा मला दाट संशय आहे. गेल्या आठवड्यात तर एका परिच्छेदातील दोन सलग ओळी टंकलेखनात गळलेल्या असूनही माझ्या लक्षात आल्या नाहीत. गळलेल्या भागाच्या आधीची ओळ आणि गळलेल्या भागातील शेवटची ओळ या दोन्ही ‘असे म्हणतात’ याच शब्दांनी संपत होत्या. ही चूक सहज म्हणून वाचायला बसलेल्या माझ्या एका स्नेह्याने दाखवून दिली, तेव्हा फार ओशाळल्यासारखे झाले.

आता दोन २४ इंची मॉनिटर घ्यावेत की ३४ इंची एकच रुंद मॉनिटर घ्यावा, मॉनिटर उभा फिरवून वापरल्यास जुन्या छापील पानांसाठी सोयीचे होते का, आणि दिवसाचे पाच-सहा तास असे काम केल्यास मानेची काय काळजी घ्यावी, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मुद्रितशोधक

मी बरीच वर्षे मुद्रिते, म्हणजे छपाईआधीचे कच्चे ठसे, तपासण्याचे काम करतो. मॉनिटरची निवड इंचांवरून करू नये, सेंटिमीटरमध्ये करावी, कारण विक्रेते सांगतात ते इंच कर्णाचे असतात आणि आपल्याला पान मांडायचे असते ते रुंदी-उंचीत. २४ इंची मॉनिटरचे प्रमाण १६:९ असेल तर त्याची रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर आणि उंची साधारण ३० सेंटिमीटर भरते. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे अशा एका मॉनिटरवर दोन ए-फोर पाने शेजारी-शेजारी खऱ्या आकारात बसायला हवीत, आणि हिशेबाने बसतातही; पण वरची शीर्षकपट्टी आणि खालचा टास्कबार मिळून उंचीतले काही सेंटिमीटर खातात, त्यामुळे प्रत्यक्षात पाने नव्वद टक्क्यांच्या आसपास लहान करावी लागतात. टास्कबार आपोआप लपेल अशी सोय करून आणि पीडीएफ पूर्ण स्क्रीनवर उघडून यातली बरीच जागा परत मिळवता येते.

३४ इंची रुंद मॉनिटर सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर तीन ए-फोर पाने खऱ्या आकारात शेजारी मावून वर १६-१७ सेंटिमीटर जागा टिपणांसाठी उरते. आपल्याकडे तीन प्रती आहेत म्हणून प्रथमदर्शनी हाच पर्याय सोयीचा वाटेल. विंडोज ११ मध्ये विंडोज-झेड दाबून तीन समान स्तंभांची मांडणी निवडताही येते.

तरीही माझे मत दोन २४ इंची मॉनिटरच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण उभ्या मॉनिटरमध्ये आहे. २४ इंची मॉनिटर उभा फिरवला की ३० सेंटिमीटर रुंदी मिळते, म्हणजे ए-फोर पान जवळजवळ १.४ पट मोठे होऊनही अखंड दिसते. जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, ‘थ’ आणि ‘य’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक एखाद्या पुसट रेषेवर असतो, अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांची गल्लत होते. तिथे पानाची ही वाढ फार उपयोगी पडते, आणि सारखे मोठे-लहान करत बसावे लागत नाही. एका आडव्या मॉनिटरवर टंकित संहिता आणि टिपणे, शेजारच्या उभ्या मॉनिटरवर मूळ पान, अशी माझी मांडणी आहे.

उभा मॉनिटर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पॅनेल आयपीएस जातीचे असावे, कारण स्वस्त टीएन पॅनेल उभे केले की डाव्या आणि उजव्या डोळ्याला छटा किंचित वेगळी दिसते आणि तासाभरात डोळे थकतात. दुसरे असे की विंडोजमधील अक्षरे गुळगुळीत दाखवण्याची क्लिअरटाइपची पद्धत पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत असे धरून चालते; मॉनिटर फिरवल्यावर त्या पट्ट्या एकाखाली एक येतात आणि अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येऊ शकते. स्कॅन केलेल्या पानाला याचा काही उपद्रव होत नाही, टंकित मजकुराला होतो, म्हणून उभ्या मॉनिटरवर पान आणि आडव्यावर संहिता, असा क्रम पाळावा. २४ इंचांवर १९२० बाय १०८० इतकेच पिक्सेल असतील तर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल मिळतात, आणि जोडाक्षरांच्या खालच्या रेषा इतक्यात बारीक आकारात चिकटून जातात. २७ इंची फोर-के मॉनिटरवर हाच आकडा १६३ च्या घरात जातो. ऐपत असेल तर जास्तीचा खर्च इथे करावा.

अर्धविराम

वरच्या प्रतिसादातील मापे उपयुक्त आहेत. मात्र आपल्या दोन गळालेल्या ओळी दोन मॉनिटर असते तरी गळाल्याच असत्या असे मला वाटते, म्हणून थोडे निराळे लिहितो.

एकसारख्या शब्दांनी संपणाऱ्या दोन ओळींपैकी पहिलीवरून नजर थेट दुसरीवर उतरणे आणि मधला मजकूर सुटणे ही हस्तलिखितांच्या काळापासून ठाऊक असलेली नकलनविसांची चूक आहे. आपल्या टंकलेखकाची नजर तशीच घसरली, आणि नंतर ताडून पाहताना आपलीही त्याच जागी घसरली, कारण ‘असे म्हणतात’ हे शब्द मनात धरून आपण दुसऱ्या विंडोत गेलात आणि तिथे ते शब्द आपल्याला सापडले. शेजारच्या मॉनिटरवरही ते तसेच सापडले असते. जोवर एका प्रतीतले शब्द मनात घेऊन दुसऱ्या प्रतीपर्यंत जायचे आहे तोवर ही वाट कायम राहते. दोन मॉनिटरनी ती आखूड होते इतकेच. यावर साधा उपाय म्हणजे ओळीचा शेवट खूण म्हणून वापरू नये, मधला एखादा ठळक शब्द वापरावा, आणि परिच्छेद संपला की दोन्हीकडची वाक्ये मोजावीत.

आता आपल्या दोन छापील आवृत्त्यांकडे येतो. त्यांची तुलना शेजारी-शेजारी ठेवून करण्याआधी एक गोष्ट तपासा: दुसरी आवृत्ती नव्याने खिळे जुळवून छापली आहे की पहिल्याच जुळणीवरून? दोन्हींतील कोणतीही दहा पाने घ्या आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पाहा. सगळे शेवट जुळत असतील तर जुळणी तीच असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे असेल तर आपल्याला दुसरा मॉनिटर नकोच, उलट दोन्ही पाने एकाच जागी हवीत. दोन्ही पानांच्या प्रतिमा सरळ करून, सारख्या कापून, सारख्या रुंदीच्या करून एकाच दर्शकात एकामागोमाग ठेवा आणि बाणाच्या कळीने पुढे-मागे करा. जे सारखे आहे ते स्थिर राहते, जे बदलले आहे ते टुणकन उडी मारते. आपल्याला वाचावेसुद्धा लागत नाही.

ही युक्ती खगोलशास्त्रातली आहे. १९३० च्या जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या दोन काचपट्ट्या अशाच आलटून-पालटून पाहताना क्लाइड टॉमबॉ यांना एक ठिपका जागा बदलताना दिसला, आणि तो प्लूटो निघाला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ग्रंथसंशोधक चार्ल्टन हिनमन यांनी याच तत्त्वावर ग्रंथांच्या प्रती ताडण्याचे यंत्र बांधले. दोन प्रतींची तीच पाने आरशांच्या साहाय्याने एकमेकांवर पाडून दिवे आळीपाळीने लुकलुकवायचे, अशी त्याची रचना होती. शेक्सपियरच्या नाटकांच्या १६२३ मधील मोठ्या आकाराच्या संग्रहाच्या, म्हणजे फोलिओच्या, पन्नासहून अधिक प्रती त्यांनी त्यावर ताडल्या आणि छपाई चालू असताना मध्येच केलेल्या दुरुस्त्या शोधून काढल्या. त्या अवाढव्य यंत्राचे काम आज बाणाची एक कळ करते, आणि तरीही बहुतेक जण दोन पाने शेजारी ठेवून टेनिसचा सामना पाहावा तशी मान हलवत बसतात, याची मला गंमत वाटते.

ओळींचे शेवट जुळत नसतील तर मात्र ही युक्ती पूर्णपणे निरुपयोगी आहे. पहिल्याच पानावर सगळे काही उड्या मारू लागेल.

एक शेवटचे. तीन प्रती एकदम ताडायचा मोह टाळा. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते वापरली गेली. तिथेही पद्धत अशी होती की एका श्लोकाला एक कागद, त्यावर आधारपाठ, आणि त्याखाली चौकटींत प्रत्येक हस्तलिखितातील फरक. प्रत्येक हस्तलिखित ताडले जायचे ते त्या एका आधारपाठाशी. आपणही पहिली आवृत्ती आधाराला धरा, आधी टंकित संहिता तिच्याशी जुळवून घ्या, आणि मगच दुसऱ्या आवृत्तीकडे वळा. असे केल्यास एका वेळी दोनच गोष्टी डोळ्यांसमोर लागतात, आणि तीन पानांच्या रुंद मॉनिटरचा प्रश्न उरत नाही.

काना_मात्रा

टंकित संहिता जुळवण्याच्या भागाबद्दल लिहितो. दुसऱ्या मॉनिटरआधी दुसरी संहिता तयार करा. पहिल्या आवृत्तीच्या स्कॅनवरून टेसरॅक्टसारख्या, मराठी ओळखणाऱ्या ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणाऱ्या) प्रणालीने मजकूर काढून घ्या, तो कितीही अशुद्ध असला तरी चालेल, आणि मग विनमर्ज किंवा मेल्ड यांसारख्या साधनाने तो टंकलेखकाच्या संहितेशी ताडा. यंत्राच्या चुका आणि माणसाच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात. यंत्र ‘व’चा ‘ब’ करेल, पण अख्ख्या दोन ओळी ‘असे म्हणतात’ला भुलून गाळणार नाही, तसल्या जागी आपल्याला पडद्यावर एकदम रंगीत पट्टा दिसेल. जिथे दोन्ही मजकूर जुळतात तिथे भरभर पुढे जायचे आणि जिथे जुळत नाहीत तिथेच मूळ पान उघडायचे.

यात मराठीपुरत्या काही खाचखळग्या आहेत, आणि त्या आधी बुजवल्या नाहीत तर सगळे पान रंगीत होऊन बसते. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात, पण पहिल्यात विसर्ग आहे आणि दुसऱ्यात अपूर्णविराम. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ यांचेही तसेच: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲ’ हे अक्षर काही कळफलकांवर एक चिन्ह म्हणून येते, तर काहींवर ‘अ’ला चंद्र जोडून. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवले म्हणजे हे फरक नाहीसे होतील असा समज आहे, तो चुकीचा आहे, कारण या जोड्या युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत; त्या शोधून-बदलून एकसारख्या कराव्या लागतात. हे सगळे एका वेगळ्या कामचलाऊ प्रतीत करावे, मुख्य संहितेला हात लावू नये. त्याच प्रतीत प्रत्येक पूर्णविरामानंतर नवी ओळ करावी, नाहीतर ही साधने अख्खा परिच्छेद एक ओळ समजतात आणि एक वेलांटी बदलली तरी सबंध परिच्छेद बदलल्याचे दाखवतात.

पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे असेल तर टंकलेखकाने ‘कांहीं’चे ‘काही’ आणि ‘त्यांनीं’चे ‘त्यांनी’ हाताच्या सवयीने केले असण्याची दाट शक्यता आहे. हे बदल हवेत की नकोत हा संपादकाचा निर्णय आहे. पण ते कुठे झाले आणि कुठे राहिले याची यादी हाती असल्याशिवाय तो निर्णय सबंध पुस्तकभर सारखा लागू करता येत नाही, आणि अशी यादी नजरेने तयार होत नाही.

संगणकाकडून एक प्रत मोठ्याने वाचवून घ्यावी आणि दुसरी डोळ्यांनी पाहावी, असेही सुचवले जाते. पूर्वी छापखान्यात एक जण मूळप्रत वाचे आणि दुसरा मुद्रित पाही, त्याचेच हे यांत्रिक रूप. गळालेला शब्द किंवा ओळ यात पटकन कळते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कळत नाही, कारण यंत्र ‘कवि’ आणि ‘कवी’ जवळजवळ सारखेच उच्चारते, आणि जुने अनुच्चारित अनुस्वार तर नावाप्रमाणेच अनुच्चारित राहतात.

मुद्रितशोधक

मानेबद्दल लिहायचे राहून गेले होते. दोन २४ इंची मॉनिटर लागून ठेवले की एकूण रुंदी १०६ सेंटिमीटर होते, आणि ६० सेंटिमीटरवरून पाहिल्यास दोन्ही टोके समोरच्या रेषेपासून सुमारे ४१ अंशांवर जातात. ३४ इंची सपाट मॉनिटरवर हाच कोन ३४ अंशांच्या आसपास राहतो. दोन्हीकडे सारखेच पाहायचे असेल तर मॉनिटरांचा सांधा नाकासमोर ठेवून त्यांना उथळ व्ही-आकारात आत वळवावे. एकावर जास्त पाहायचे असेल तर तो बरोबर समोर हवा आणि दुसरा बाजूला. मी मध्यंतरी कित्येक महिने मुख्य मॉनिटर डाव्या हाताला ठेवला होता आणि उजवा खांदा का दुखतो हे शोधत राहिलो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. द्विनाभी चष्मा असेल तर ती आणखी खाली घ्यावी, कारण नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत मानेची मागची बाजू धरते. दोन्हींची प्रखरता आणि रंगछटा सारखी करून घ्यावी; एक पिवळसर आणि एक निळसर असला की नजर प्रत्येक फेरीत जुळवून घेत राहते.

अर्धविराम यांच्या सूचनेशी मी सहमत आहे, आणि ‘टेनिसचा सामना’ हा शेरा मला उद्देशून होता असे समजून तो स्वीकारतो.

जुनीपाने

सर्वांचे मनापासून आभार. खरेदी लांबणीवर टाकून आधी ओळींचे शेवट तपासले, आणि जे निघाले ते मला नीट उलगडलेले नाही. पृष्ठ १ ते ४८ मध्ये दोन्ही आवृत्त्यांतील सर्व ओळींचे शेवट तंतोतंत जुळतात. पृष्ठ ४९ पासून एकही पान जुळत नाही, अक्षराचा ठसाही किंचित वेगळा आहे. पहिली ४८ पाने बाणाच्या कळीने पुढे-मागे करून पाहिली, तेव्हा कुठेही काही उडाले नाही. पृष्ठ ३१ वरील एक मोडका ‘झ’ दोन्हीकडे त्याच जागी, तसाच मोडका आहे. पुढच्या पानांसाठी ओसीआर आणि विनमर्जचा मार्ग धरला आहे, आणि घरात पडून असलेला एक जुना मॉनिटर उभा करून त्यावर मूळ पान ठेवतो आहे. पण पहिल्या ४८ पानांचे काय झाले असावे?

अर्धविराम

४८ म्हणजे सोळा पानी तीन फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे संच). मोडका ‘झ’ दोन्हीकडे असल्याने जुळणी तीच आहे हे जवळजवळ निश्चित समजा. आता शक्यता दोन उरतात: पहिल्या तीन फॉर्मची जुळणी मोडली नव्हती आणि तिच्यावरून पुन्हा छापले, किंवा पहिल्या छपाईच्या वेळचे या तीन फॉर्मचे जास्तीचे कागद शिल्लक होते आणि तेच दुसऱ्या आवृत्तीत बांधून टाकले. दुसरी शक्यता खरी असेल तर त्या ४८ पानांत लेखकाला दुरुस्ती करायला वावच नव्हता, आणि तिथे बदल न दिसणे म्हणजे लेखकाची संमती असे आपल्याला म्हणता येणार नाही. प्रस्तावनेत ही गोष्ट लिहावी लागेल. स्कॅनवरून याचा निर्णय होणार नाही. दुसऱ्या आवृत्तीची प्रत हातात मिळत असेल तर पृष्ठ ४८ आणि ४९ उजेडासमोर धरून कागदाची जात, जाडी आणि रंग बदलतो का ते पाहा, आणि काय दिसले ते इथे जरूर कळवा.